बिनपरवान्याचा आवाज

सीताबाई उमरेंच्या घरात भाजीत मीठ कमी पडलं की ताटं वाजायची. नवरा वामनराव आणि लेक कमळा समोरासमोर जेवायला बसत आणि ताटाच्या काठावर काहीतरी टिकटिक करत. टिचकी मारली की आखूड, चमचा घासला की लांब. मग दोघं एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत. ही तारेची भाषा, मोर्स तिचं नाव. त्या भाषेत बापलेक सीताबाईंच्या स्वयंपाकावर त्यांच्यादेखत टीका करत, आणि त्यांना यातलं काही कळत नाही अशी दोघांचीही पक्की समजूत होती. दुसऱ्या दिवशी मीठ अगदी बरोबर पडायचं, याचं मात्र दोघांपैकी एकालाही कधी नवल वाटलं नाही. हुशार माणसांचं असंच असतं.

वामनराव कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. चंद्रपूरच्या बाबूपेठेत दोन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली माणसांची आणि दुसरी रेडिओची. हा रेडिओ गाण्यांचा नव्हे, बोलण्याचा. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःच्या हातानं यंत्र जोडायचं आणि दूरच्या तशाच वेड्या माणसाशी हवेतून बोलायचं. इतकी उठाठेव करून बोलायचं काय, तर "तुमचा आवाज स्पष्ट येतोय, माझा कसा येतोय?" सीताबाईंचं लग्न छप्पन सालच्या दीक्षेनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात झालं होतं. तेव्हापासून या माणसाचं हवेवरचं बोलणं त्या ऐकत आल्या होत्या, आणि त्यात भाजीपाल्याचा, पाहुण्यारावळ्यांचा एक शब्द त्यांना कधी सापडला नाही. घरात चारचौघांसारखं "मले-तुले" करणारा हा माणूस माइक हातात आला की एकदम पुस्तकासारखा बोलायला लागे. सीताबाईंना ते ऐकून पदराआड हसू यायचं.

चंद्रपुरात अशा वेड्यांचा एक क्लब होता. अध्यक्ष भैयाजी, त्यांचं गोलबाजाराजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मुखरू टेलर सभासद, खाणीतले दोघे-तिघे, एक मास्तर. वामनराव सचिव. या मंडळींनी वर्गणी काढून, जुने सुटे भाग जमवून दोन टेकड्यांवर दोन यंत्रं बसवली होती, एक बल्लारपूरच्या पुढे आणि दुसरं आष्टीच्या पलीकडे. खालून कुणी बोललं की ते यंत्र ऐकायचं आणि ऐकलेलं त्याच क्षणी, आपल्या मोठ्या आवाजात, सगळीकडे सांगायचं. पहिलीचं बोलणं दुसरी उचलायची, दुसरीचं पहिली. इंग्रजीत त्याला रिपीटर म्हणत. क्लबात त्यांची नावं मोठी मावशी आणि धाकटी मावशी. कानात सांगितलेलं गावभर करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार! रविवारी क्लबची माणसं ट्रकच्या बॅटऱ्या आळीपाळीनं खांद्यावर घेऊन टेकडी चढायची, आणि वानरांनी एरियलला झोके घेऊन ते वाकवलेलं असलं की सरळ करून यायची. तेवढी खटपट केली की चंद्रपुरातून बोललेला माणूस थेट आलापल्लीच्या सागवानात ऐकू यायचा.

मावशीत वामनरावांनी स्वतः बनवलेली एक घड्याळी बसवली होती. कुणी न थांबता फार वेळ बोलत राहिलं की मावशी आपोआप गप्प व्हायची आणि थोड्या वेळानं पुन्हा कान उघडायची. "मावशी रुसली" म्हणायचे त्याला. भैयाजींच्या तोंडाला आवर घालायला केलेली ती सोय होती, आणि भैयाजी सोडून सगळ्यांना ती पटली होती.

वामनराव नियमाचे असे पक्के, की समोरच्यानं डोकं धरावं. एकदा मुखरूच्या साळ्यानं गमतीत माइक उचलून "हॅलो" म्हटलं. एक शब्द! वामनरावांनी क्लबची सभा बोलावली आणि मुखरूला महिनाभर हवेवर यायला बंदी करायला लावली. परवाना नसलेल्या माणसानं बटण दाबायचं नाही, म्हणजे नाही. दुसरा नियम याहून मजेदार. महत्त्वाचा मजकूर हवेवर बोलायचा नाही. त्यासाठी सरकारनं तार ठेवली आहे, टपाल ठेवलं आहे. हौशी माणसानं बोलायचं ते यंत्राबद्दल, नाहीतर इतकं किरकोळ, की त्यासाठी तार करायला कुणी जाणार नाही. हा नियम वामनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवत.

कमळा शाळेत असतानाच बापाच्या हाताखाली शिकून परवाना काढून बसली होती. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. जावई लहानू, वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून, आलापल्लीला. सीताबाईंच्या मनात आंदणात कपाट द्यायचं होतं. वामनरावांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला बोलायचा सेट दिला. वऱ्हाडी मंडळी डबा उघडून बघत राहिली.

लग्नानंतर आठवडाभरानं, संध्याकाळी सातच्या सुमारास, वामनरावांच्या रेडिओतून कमळाचा आवाज आला. सीताबाई तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच खाली टाकून त्या रेडिओच्या खोलीत धावल्या. घर इतके दिवस रिकामं रिकामं वाटत होतं आणि आता लेक जणू परसात उभी राहून बोलत होती.

"आपला आवाज स्पष्ट आहे," वामनराव म्हणाले. "इकडे तापमान जास्त आहे. ओव्हर." माझं संपलं, आता तुम्ही बोला, असा त्या ओव्हरचा अर्थ.

"बाबा, माय कुठी हाय? तिले द्या ना जरासं. ओव्हर."

सीताबाईंनी हात पुढे केला. वामनरावांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"तिच्याकडे परवाना नाही. ओव्हर."

मोठ्या मावशीनं ते ऐकलं, धाकटीला सांगितलं, आणि दोन जिल्ह्यांत जिथे जिथे सेट होता तिथे तिथे ते पोचलं. सीताबाई परत येऊन तांदळाशी बसल्या. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. नऊ महिने पोटात वागवलेल्या पोरीशी दोन शब्द बोलायला परवाना! हा कायदा ज्यानं कुणी लिहिला, त्याला लेक नसावी.

पुढे रोज संध्याकाळी त्या दाराशी उभ्या राहून ऐकत. लेक विचारी, "माय काय करून राह्यली?" नवरा उत्तर देई, "ती ठीक आहे." ठीक आहे! दिवसभर लेकीच्या आठवणीनं ज्या बाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तिचा सगळा हिशेब दोन शब्दांत.

एका संध्याकाळी वामनराव जेवायला बसले. कमळा गेल्यापासून ताट मुकंच होतं. सीताबाईंनी वाढता वाढता चमचा उचलला आणि त्यांच्या ताटाच्या काठावर टिचक्या मारायला, चमचा घासायला सुरुवात केली. सावकाश, एकेक अक्षर. मीठ बरोबर आहे काय, एवढंच त्यांनी विचारलं, बापलेकीच्याच इंग्रजीत.

वामनरावांचा ताकाचा पेला उलटला.

"तुले... तुले हे कवापासून येते?"

"कमळा चवथीत होती तवापासून," सीताबाई म्हणाल्या. "तुमी दोघं रोज माह्यासमोर घोकत होते. मी का बहिरी होतो? मले परीक्षा द्यायची हाय."

वामनरावांनी उलटलेला पेला सरळ केला. मग म्हणाले, "नियमात बसते. माही हरकत नाई."

हरकत नाही म्हटल्यावर मात्र त्यांनी कंबर कसली. कानांनी आणि बोटांनी येत होतं ते सोपं. विजेचं शास्त्र सीताबाईंच्या जिवावर आलं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी कमळाच्या पुस्तकांवरून जेमतेम. वामनराव शिकवायला बसले की दहा मिनिटांत दोघांचंही डोकं तापायचं. शेवटी भैयाजींनी दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, उघड्या रेडिओच्या पोटात बोट घालून त्यांना शिकवलं. त्याच दिवसांत सीताबाईंना कळलं, की वामनराव हवेवर "आमची एक्सवायएल" म्हणतात ते आपल्यालाच, आणि त्याचा अर्थ होतो पूर्वीची तरुण पोरगी. त्या दिवशी वामनरावांना भाजी अळणी मिळाली, आणि ती चुकून नव्हती.

परीक्षा नागपूरला. मोर्सच्या पेपरात यंत्र टिकटिक करणार आणि ऐकलेली अक्षरं लिहून काढायची. सीताबाईंनी कान टवकारले आणि झरझर लिहिलं. एक अक्षर सुटलं नाही. परीक्षकांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला. बाईंनी सगळी इंग्रजी अक्षरं देवनागरीत लिहिली होती. एन, ओ, टी, ई, सुवाच्य, एका ओळीत. घरी त्या तशाच सराव करत, आणि वामनराव नेहमी त्यांच्याकडून वाचून घेऊन नुसतं कानानं तपासत. कागद कुणी पाहिलाच नव्हता. परीक्षक भले होते, त्यांना हसू आवरेना आणि पासही करता येईना. पुढच्या खेपेला या म्हणाले.

परतीच्या एसटीत सीताबाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. आपल्यासारखीनं असल्या फंदात पडायलाच नको होतं, असं त्यांना वाटत होतं. जांबच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा वामनराव उतरले आणि आलुबोंडा आणि चहा घेऊन आले.

"एक चूक नोयती," ते म्हणाले. "साहेबानं कागद दाखवला मले. माह्या येळेस तीन होत्या."

वामनरावांनी आपल्या तीन चुका आजवर कुणालाच सांगितल्या नव्हत्या. सीताबाईंनी डोळे पुसले आणि आलुबोंडा अर्धा करून त्यांना दिला.

पुढच्या खेपेला त्यांनी इंग्रजी अक्षरं काढली, मुंगीच्या पावलांनी पण काढली, आणि त्या पास झाल्या. मग सरकारी चौकशी. ठाण्यातून एक शिपाई आला आणि बाजेवर बसून विचारू लागला, "बाई, तुमच्यावर काई केस गिस? परदेशात कोनी वळखीचं?" सीताबाई म्हणाल्या, "माहं सगळ्यात दूरचं मानूस आलापल्लीले हाय." शिपायानं चहा घेतला आणि तसंच लिहून नेलं.

परवाना यायला सत्त्याऐंशीचा उन्हाळा उजाडला. त्या संध्याकाळी वामनरावांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, माइक पुसला आणि बाजूला झाले. सीताबाईंनी बटण दाबलं. तिकडे कमळाला नुसता श्वास ऐकू गेला.

"माय?" ती म्हणाली.

"जेवली काय वो?" सीताबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! दोन वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं. अंबाडीची भाजी, शेजारणीची गाय, लहानूचा खोकला, लोणच्याला आलेली बुरशी. मावशी त्या एका संध्याकाळी दोनदा रुसली. वामनराव दाराशी उभे राहून नियमाच्या दृष्टीनं ऐकत होते आणि त्यांना आक्षेप घ्यायला जागा सापडत नव्हती. यातल्या एकाही गोष्टीसाठी तार करायला कुणी गेलं नसतं. सरकारनं हौशी माणसाला जे आणि जितकं बोलायला सांगितलं होतं, अगदी तेवढंच सीताबाई बोलत होत्या. क्लबातल्या माणसांच्या बायका सातच्या सुमारास आपापल्या नवऱ्यांच्या सेटजवळ येऊन बसू लागल्या. मुखरूची बायको तर नुसतं ऐकून लोणचं सुधारायला शिकली.

हिवाळ्यात कमळाला दिवस गेल्याचं समजलं. तिनं रीतीनं टपालानं कळवलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तोवर पावसाळा लागून रस्ता उखडलेला, आणि एवढा दणका सोसू नका असं डॉक्टरनं बजावलं. तेव्हा माहेरच लेकीकडे निघालं. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी असं बोचकं घेऊन सीताबाई एसटीत बसल्या. वामनरावांना रजा मिळाली नाही. स्टँडवर ते म्हणाले, "काई महत्त्वाचं असलं तं तार करजा. नियम तुले मालूमच हाय."

"हाव जी," सीताबाई म्हणाल्या.

आलापल्लीच्या त्या वनखात्याच्या क्वार्टरात, कौलांवर पाऊस वाजत असताना, एका पहाटे कमळा बाळंत झाली. दवाखान्यातली नर्स बुधरीबाई वेळेवर आली होती आणि दोन्ही जीव सुखरूप होते. लहानूनं टपाल हापीस उघडताच चंद्रपूरला तार केली.

संध्याकाळी सातला सीताबाई बिस्किटाच्या डब्यासमोर बसल्या. रीतसर परवान्यावरचं आपलं अक्षरं-आकड्यांचं सरकारी नाव सांगितलं, मग म्हणाल्या, "तार भेटली काय जी? ओव्हर."

"कोणती तार? ओव्हर."

सीताबाई चपापल्या. पावसानं कुठेतरी तारेचा खांब पडला असणार. एक शब्द बोलायचा अवकाश, बटण तर बोटाखालीच होतं. पण माणसाच्या अंगात काय संचारेल याचा नेम नाही. त्यांना निवडायचे तांदूळ आठवले, पुढे केलेला हात आठवला.

"नाई भेटली? मंग उद्या भेटन," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "भ्याचं कारन नाई, इथी सारे खुशाल हायेत. पन मजकूर महत्त्वाचा हाय, अन् महत्त्वाचा मजकूर हवेवर सांगता येत नाई. पाऊस चांगला हाय. सकाळी तरोट्याची भाजी केली होती. मीठ बरोबर पडलं. ओव्हर."

आतल्या खोलीतून कमळा ओरडली, "माय, हसवू नको वो, पोटात दुखते!"

हवेवर भैयाजींनी मध्येच तोंड घातलं. "वहिनी, सांगून टाका ना! दुकानात गर्दी जमा झाली. ओव्हर."

"भैयाजी, तुमी अध्यक्ष हाव. तुमीच असं बोलता काऊन? ओव्हर."

डब्यातून नुसती खरखर येत राहिली. सीताबाईंना वाटलं, जास्तच झालं आपलं. आणि त्या बटणाकडे बोट नेणार तेवढ्यात वामनरावांचा आवाज आला. त्यात सरकारी नाव नव्हतं आणि पुस्तकातली भाषाही नव्हती.

"सीता," ते म्हणाले. "माही पोरगी कशी हाय वो? मले सांग ना."

इतक्या वर्षांत हवेवर त्यांनी कधी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. सीताबाईंचे डोळे भरून आले. सगळी मस्करी गळून पडली.

"पोरगी झाली," त्या म्हणाल्या. "आज पहाटे. दोघीई मजेत हायेत. थांबा, तिचंच आयका."

बुधरीबाई दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. बाळ नुकतं जागं झालं होतं, भुकेलं होतं, आणि अनोळखी माणसांवर रागावलं होतं. सीताबाईंनी माइक त्याच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. त्यानं जे भोकाड पसरलं, ते धाकट्या मावशीनं मोठीला सांगितलं आणि मोठीनं चंद्रपूरला, एकही सूर न गाळता. बाळ श्वास घ्यायला थांबलं तेवढंच. सीताबाईंनी बटण सोडलं नाही. शेवटी वामनरावांच्या घड्याळीनं आपलं काम केलं आणि मावशी नातीच्या पहिल्याच भाषणात रुसून बसली.

मावशीनं पुन्हा कान उघडले तेव्हा पहिला घुसला मुखरू टेलर. महिनाभराची बंदी तो विसरला नव्हता.

"सचिवसाहेब," तो म्हणाला, "ह्या नव्या बाईकडे परवाना हाय काय? ओव्हर."

सगळा क्लब, क्लबच्या बायका, भैयाजींच्या दुकानातली गर्दी, सगळे सचिवांच्या निकालाची वाट बघत होते. वामनरावांनी नाक ओढल्याचा आवाज दोन जिल्ह्यांना ऐकू गेला.

"आवाज एकदम स्पष्ट," ते म्हणाले. "पन मावशी मधातच रुसली. सगळं नाई आयकू आलं मले. आनखी एकडाव बोलाले लाव तिले."

सीताबाईंनी आत पाहिलं. बुधरीबाईनं बाळ कमळाच्या कुशीत दिलं होतं.

"आता दूध पिऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "थांबा लागन. ओव्हर."

"थांबतो," वामनराव म्हणाले, आणि ओव्हर म्हणायचं विसरले.